‘काही निघाले नाही’ म्हणजे काय?

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालवलेल्या आमच्या एका वृद्ध आप्तांनी आपल्या दुखण्याचेही रीतसर दफ्तर ठेवले आहे. फीत बांधलेल्या त्या फायलीच्या पहिल्या पानावर स्वहस्ते लिहिलेली अनुक्रमणिका असून तीत ईसीजीच्या गुलाबी चौकटींच्या पट्ट्या, टू-डी एको, पोटाची सोनोग्राफी, दोनदा केलेली थायरॉइडची तपासणी, मेंदूचा एमआरआय अशा सत्तावीस बाबी तारीखवार नोंदवलेल्या आहेत आणि प्रत्येकीसमोर ‘शेरा’ या सदरात ‘नॉर्मल’ हा एकच शब्द आहे. पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग यावी, छाती धडधडू लागावी, बोटांना व ओठांभोवती मुंग्या याव्यात, हातपाय गार पडावेत, घशात काही अडकल्यासारखे व्हावे आणि आता आपला जीव जाणार अशी खात्रीच पटावी, असा त्यांचा आठ महिन्यांचा क्रम होता. त्यावर घरातल्या लहानथोरांचा फैसला मात्र एकच होता: रिपोर्टात काही निघाले नाही, तेव्हा तुम्हांला काही झालेले नाही, हे सारे मनाचे खेळ आहेत. गेल्या दिवाळीत ती फाईल माझ्यापुढे सरकवून त्यांनी विचारले, ‘म्हणजे मी खोटे बोलतो, असेच ना?’

‘मनाचे खेळ’ हा शब्दप्रयोग मी इतक्या घरांतून आणि इतक्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे की, आता तो कानी पडताच माझा संयम सुटतो. अहवाल निर्वेध आला याचा अर्थ एवढाच की, ज्या गोष्टीचा शोध त्या तपासणीने घेतला ती गोष्ट त्या वेळी सापडली नाही. नेहमीचा ईसीजी हृदयाच्या विद्युत्-व्यापारातील सुमारे दहा सेकंदांची नोंद करतो. एको हृदयाच्या झडपा, भिंती आणि आकुंचनाची शक्ती दाखवतो. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. घराचा पंचनामा भिंती शाबूत असल्याचा दाखला देईल. त्या भिंतींच्या आत रात्री कोणता कलह माजला याची नोंद त्यात कोठून येणार? अवयवाची रचना धडधाकट असूनही त्याचा व्यापार बिघडू शकतो आणि त्या बिघाडाची वेदना जखमेच्या वेदनेइतकीच खरी असते, ही साधी गोष्ट आपल्या गळी उतरत नाही.

भीतीचा शरीराशी असलेला हा व्यवहार काही गूढ नव्हे. हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदना, भूक, भय आणि क्रोध यांनी देहात होणारे फेरफार प्रयोगांनिशी मांडले. संकटाची चाहूल लागताच स्वायत्त मज्जासंस्था जागी होते, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, हृदयाची गती वाढते, कातडीकडचे रक्त स्नायूंकडे वळून हातपाय गार पडतात, लाळ आटते, जठराचे काम मंदावते आणि आतड्यांचे खालचे टोक मात्र घाई करू लागते. तोंडचे पाणी पळणे, पोटात गोळा येणे हे आपले वाक्प्रचार म्हणजे याच प्रक्रियेची जुनी साक्ष होय. चिंता ही या व्यवस्थेला शत्रू समोर नसताना दिलेली वर्दी असते आणि वर्दी खोटी असली तरी धावपळ खरीच होते.

मुंग्यांचे उदाहरण घेऊ. कारण ‘नसा दबल्या आहेत’ या समजुतीपायी मानेच्या एमआरआयवर सर्वांत अधिक पैसा तिथेच खर्च होताना मी पाहिला आहे. घाबरलेला माणूस नकळत गरजेपेक्षा अधिक श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त किंचित अल्कधर्मी बनते, त्यातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण उतरते आणि बोटांचे व ओठांचे मज्जातंतू उत्तेजित होऊन मुंग्या येऊ लागतात. त्याच वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसल्याने भोवळ आल्यासारखे होते. अशा वेळी जवळची माणसे कळकळीने सांगतात, ‘मोठा श्वास घे’, आणि नेमका तोच उपाय त्रास वाढवतो. हवा असतो तो सावकाश श्वास आणि त्याहून सावकाश उच्छ्वास.

हे फक्त भित्र्या माणसांचे दुखणे आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी अमेरिकन यादवी युद्धाकडे पाहावे. जेकब डकोस्टा या फिलाडेल्फियाच्या वैद्याने छातीत धडधड, वेदना आणि धाप यांनी बेजार झालेल्या सुमारे तीनशे सैनिकांचा अभ्यास 1871 साली प्रसिद्ध केला. हृदयात रचनेचा दोष आढळला नाही, तरीही त्याने त्या सैनिकांना ढोंगी ठरवले नाही; अतिश्रम, ताप आणि अतिसार यांना त्याने दोष दिला. या विकाराच्या मुळाशी भीती आणि चिंता आहेत, हे 1941 साली लंडनच्या पॉल वुडने सविस्तर मांडले. आणि हे काही रणांगणापुरते नाही. क्रोएंके आणि मँगल्सडॉर्फ यांनी 1989 साली एक हजार बाह्यरुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा छातीत दुखणे, थकवा, चक्कर, डोकेदुखी यांसारख्या चौदा सर्वसामान्य तक्रारींपैकी जेमतेम 16 टक्क्यांत शारीरिक कारण सिद्ध झालेले आढळले. उरलेल्या सगळ्यांच्या मुळाशी चिंताच होती असा त्याचा अर्थ कोणी करू नये. परंतु ‘काही निघाले नाही’ हा अनुभव किती सार्वत्रिक आहे, हे त्यावरून दिसते.

याच ठिकाणी उलट दिशेचा प्रमाद होतो आणि त्याचीही मला तितकीच चीड आहे. काही निघाले नाही, तेव्हा हे टेन्शनच, असा निकाल देऊन रुग्णाला, विशेषतः स्त्रीला, वाटेला लावणारे लोक घरातही असतात आणि दवाखान्यातही. एलियट स्लेटरने 1965 साली ‘हिस्टेरिया’ असे निदान झालेल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांतील कित्येकांना पुढे शारीरिक रोग निघाल्याचे उघड झाले. लुळेपणा, झटके अशा लक्षणांबाबत अशा चुकीच्या निदानाचे प्रमाण 1970 नंतरच्या अभ्यासांत सुमारे चार टक्क्यांवर आल्याचे 2005 सालच्या आढाव्यात नमूद आहे. म्हणजे ते घटले, संपले नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 सालच्या आपल्या निदानग्रंथात शारीरिक लक्षणांच्या विकारासाठी ‘कारण सापडत नाही’ ही अट काढून टाकली, ती उगीच नव्हे. चिंतेचे निदान करावयाचे तर चिंतेचे स्वतःचे पुरावे हवेत: सतत घोर, उडालेली झोप, प्रसंगाशी जुळणारे झटके, टाळाटाळीची सवय. अतिसक्रिय थायरॉइड, पंडुरोग आणि हृदयाची अनियमित लय हुबेहूब चिंतेचे सोंग घेऊ शकतात. श्रम करताना छातीवर दाब येऊन तो जबड्याकडे वा हाताकडे सरकला, शुद्ध हरपली, अंगाची एक बाजू दुबळी पडली, शौचावाटे रक्त गेले, विनाकारण वजन उतरले, तर ‘चिंता असेल’ असे म्हणत घरी बसणे धोक्याचे आहे.

किरकोळ समजुती थोडक्यात. आणखी एक तपासणी केली की मनाचे समाधान होते, हे खरे नाही. गंभीर रोगाचा संभव मुळातच कमी असता केलेल्या तपासण्यांनी धास्ती फारशी ओसरत नाही, असे 2013 सालच्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. ‘या गोळ्यांची सवयच लागते’ हे अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांबाबत खरे आहे. चिंतेवर दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या नैराश्यविरोधी औषधांबाबत नाही, मात्र त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती एकाएकी बंद करू नयेत. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सिनेमातला उपाय हृदयाच्या वा फुप्फुसाच्या रुग्णाला घातक ठरू शकतो. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याचा संकोच वाटत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर 2022 पासून मराठीतूनही बोलता येते.

आमच्या आप्तांना मी अशाच एका तज्ज्ञाकडे घेऊन गेलो. बाईंनी ती फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, हृदय व फुप्फुसे निर्वेध असल्याची खातरजमा केली आणि मग त्यांना समोर बसवून भराभर, खोल श्वास घेण्यास सांगून स्वतः घड्याळ धरले. मिनिटभर झाले असेल नसेल, तोच त्यांनी दोन्ही हात उचलून बोटांकडे पाहिले; ओठ थरथरत होते. ‘अहो, हेच! पहाटेचे हेच!’ ते म्हणाले. बाईंनी त्यांना हळूहळू श्वास सोडावयास लावले, मुंग्या ओसरल्या, आणि मग कितीतरी वेळ ते आपल्या तळहातांकडे पाहत राहिले.

घरी परतल्यावर त्यांनी अनुक्रमणिकेत अठ्ठाविसावी बाब चढवली. शेऱ्याच्या सदरात या वेळी ‘नॉर्मल’ नाही. तिथे लिहिले आहे: ‘मुंग्या आल्या. कारण कळले. काळ एक मिनिट दहा सेकंद.’ पहाटेची जाग अजून अधूनमधून येते. तेव्हा ते दिवा लावून उठून बसतात, उच्छ्वासाचे आकडे मोजतात आणि झटका किती वेळ टिकला ते त्याच फायलीत, नव्या पानावर, तारखेसह टिपून ठेवतात.