एकनळी बाष्पक

लालबागच्या जुन्या घरांतील तांब्याचा बंब वाचकांनी पाहिलाच असेल. त्यात मधल्या नळीत विस्तव व सभोवार पाणी असते. एकनळी बाष्पकात याच्या उलट, विस्तवातच लांब नळीचे वेटोळे असते. एका टोकाने पंप पाणी रेटतो, दुसऱ्या टोकाने वाफ निघते. पाण्याचा साठा अल्प, म्हणून वाफ काही मिनिटांत मिळते व नळी फुटली तरी मोठ्या बाष्पकाइतका अनर्थ होत नाही. धुलाई-कारखान्यांना हे सोयीचे पडते. खरगोन जिल्ह्यात २०१९ साली सुरू झालेल्या औष्णिक वीजकेंद्राचेही तत्त्व हेच. तेथे नळ्या मात्र अनेक.

पाण्यातील क्षार नळीत साचले, तर ती तापून जळते. म्हणून पाणी आधी शुद्ध करावे, आणि ते कमी पडताच विस्तव बंद करावा. वाफेवर काम करणाऱ्या आपल्या मुलांनी ही दोन पथ्ये कधीही मोडू नयेत.