पाणी पिणारी फळी

स्वयंपाकघरातला लाकडी चॉपिंग बोर्ड उचला आणि त्याच्या कडा उजेडात निरखून पाहा. लांबीच्या कडेला सरळ रेषा दिसतील, आखूड कडेला बारीक बारीक ठिपके. भिंग धरलंत तर कळेल, ते ठिपके नाहीत, भोकं आहेत. झाड उभं होतं तेव्हा याच नळ्यांतून मुळांकडचं पाणी पानांपर्यंत चढत होतं.

खरं नवल पुढे आहे. झाड हिरवंगार असतानाही या नळ्यांच्या पेशी मेलेल्याच असतात. पेशी लांबते, भिंत जाड करून घेते, मग मरते आणि आतून पोकळ होते. त्यानंतरच तिच्यातून पाणी वाहू लागतं. त्यामुळे कुऱ्हाड पडली, करवत फिरली, रंधा मारून फळी गुळगुळीत झाली, तरी नळी नळीच राहते आणि पाणी ओढायचा तिचा गुण जात नाही. बोर्ड कोणता घ्यावा, कसा धुवावा, त्याला तेल कोणतं लावावं, या सगळ्याची उत्तरं या एका गुणात आहेत.

मराठी घरात चॉपिंग बोर्ड तसा नवा. विळीचं पातं पाटात रोवलेलं असतं आणि भाजीच पात्यावर सरकते, म्हणून खाली फळी लागतच नव्हती. सुरी ओट्यावर आली तेव्हा ती गरज निर्माण झाली. लाकूड मात्र ओळखीचंच होतं: पोळपाट, लाटणं, रवी, काथवट. पोळपाट भिजत टाकायचा नाही, धुऊन पुसून भिंतीला उभा करायचा, ही घरोघरची शिस्त चॉपिंग बोर्डालाही जशीच्या तशी लागू पडते.

जंतू जातात कुठे?

लाकूड पाणी पितं म्हणजे जंतूही पोटात घेत असणार, तेव्हा प्लास्टिक बरं, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांचे सहकारी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कामाला लागले तेही याच समजुतीने. लाकडी बोर्ड प्लास्टिकइतका सुरक्षित कसा करता येईल, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी बोर्डांवर साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय असे जंतू सोडले. लाकडाच्या पृष्ठभागावरून ते थोड्याच वेळात सापडेनासे झाले. नळ्यांनी ओल आत ओढली आणि ओलीबरोबर जंतूही आत गेले. तिथे त्यांची वाढ झाली नाही. ते हळूहळू मरत गेले. नवं प्लास्टिक सहज स्वच्छ झालं, पण सुरीने चरे पडलेलं प्लास्टिक हाताने घासून नीट स्वच्छ होईना. हे निष्कर्ष 1994मध्ये प्रसिद्ध झाले. पाणी पिण्याचा जो गुण दोष ठरवला गेला होता, तोच इथे राखणदार निघाला.

याचा अर्थ धुण्यातून सुटका झाली, असा मात्र नाही. कच्चं चिकन, मटण किंवा मासे कापल्यावर बोर्ड लगेच गरम पाण्याने आणि साबणाने घासायलाच हवा. कोशिंबीर किंवा फळं चिरायला वेगळा बोर्ड असावा, कारण ती पुढे शिजणार नसतात.

निवडताना

लाकडाचा कठीणपणा मोजायची एक साधी पद्धत गॅब्रिएल यान्का यांच्या नावाने ओळखली जाते. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतायला किती जोर लागतो, ते पाहायचं. अमेरिकेत बोर्डासाठी नावाजलेल्या हार्ड मेपलला सुमारे 1450 पौंड लागतात, आपल्या सागाला 1000 ते 1150च्या आसपास. पाइनसारखं मऊ लाकूड लवकर खड्डे धरतं. उलट काच आणि ग्रॅनाइट इतके कठीण, की सुरीची धार काही दिवसांत बोथट करतात. लाकूड सुरीला हवं तेवढं अडवतं आणि हवं तेवढं सामावून घेतं.

सागाच्या अंगात नैसर्गिक तेल असतं, म्हणून तो पाण्याला दाद देत नाही. पण त्यात सिलिकाही असते, वाळूत असते तीच, आणि तिच्यामुळे सुरीला जरा लवकर धार लावावी लागते. शिसव घट्ट आणि टिकाऊ. आंबा स्वस्त आणि हलका, पण त्याला तेल वेळेवर लावायला हवं. बांबू हे गवत. त्याच्या पट्ट्या गोंदाने जोडून बोर्ड करतात, म्हणून तो फार वेळ ओला राहू देऊ नये. खाटकाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका मात्र थांबून पाहावा असा असतो. तिथे सत्तूर खोडाच्या आडव्या छेदावर पडतो, म्हणजे नळ्यांच्या तोंडांवर. उसाची मोळी उभी ठेवून वरून कोयता मारला तर तो उसांच्या मधल्या फटीत शिरतो. मोळी आडवी टाकली तर ऊसच तुटतात. तसंच लाकडाचं. नळ्यांची तोंडं वर करून बसवलेल्या चौकोनी तुकड्यांच्या बोर्डावर सुरी तंतूंच्या मधे शिरते, चरे कमी उमटतात आणि धार टिकते. असा बोर्ड महाग आणि जड असतो, तेलही जास्त पितो. रोजच्या भाजीसाठी आडव्या रेषांची, निदान इंचभर जाडीची फळी पुरते. चकचकीत वॉर्निश मारलेला बोर्ड घेऊ नका. सुरीने ते सुटतं आणि भाजीत जातं.

पावसाळा, उन्हाळा आणि फळीची वाकण

लाकूड हवेतूनही पाणी घेतं आणि हवेला परत देतं. हवेत 80 टक्के आर्द्रता असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 16 टक्के पाणी असतं. आर्द्रता 25 टक्क्यांवर आली की ते सुमारे 5 टक्क्यांवर उतरतं. कोकणातला आषाढ आणि विदर्भातला वैशाख यांच्यात एवढं अंतर पडतं. पाणी वाढलं की फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाहीच. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ती जेवढी फुगते, तेवढी गाभ्याकडून सालीकडे फुगत नाही, साधारण निम्मीच. त्यातच एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहिली, तर ओली बाजूच फुगते आणि बोर्ड वाटीसारखा वाकतो. उपाय सोपा: दोन्ही बाजू धुवा, दोन्ही पुसा आणि बोर्ड उभा करून वाळवा. सिंकमध्ये बुडवून ठेवू नका, डिशवॉशरमध्ये तर नाहीच.

तेल लावायचं ते नळ्यांमधली जागा आधीच भरून टाकण्यासाठी. मग पाणी आत कमी शिरतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून खवट होतं आणि तो वास बोर्डात मुरतो. औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन खवट होत नाही. कोरड्या बोर्डाला दोन्ही बाजूंनी ते सढळ हाताने लावा, टोकांच्या कडांना दुप्पट, कारण नळ्यांची तोंडं तिथेच उघडतात. रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसा. चार भाग पॅराफिनमध्ये एक भाग मधमाश्यांचं मेण गरम पाण्यावर ठेवून वितळवलं, तर वरून छान लेप बसतो. बोर्डावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा उभा राहिला तर तेल पुरेसं आहे. पसरून आत गेला तर फळी तहानलेली आहे.

हळदीचा डाग हे वेगळंच प्रकरण. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. साबणाच्या क्षारापुढे लाल होतं आणि उन्हात हळूहळू मोडतं. म्हणून डाग पडलेला बोर्ड सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ धरा, दुपारच्या तडाख्यात नको. बांगडा कापल्यावर उरणारा वास आम्लारीधर्मी अमाइनचा असतो. लिंबाचं आम्ल त्याला पकडून ठेवतं, मग तो उडून नाकापर्यंत येत नाही. अर्ध्या लिंबाने जाड मीठ घासणं हा घरगुती उपाय रसायनशास्त्रातही चोख उतरतो.

चरे वाढले तर बोर्ड टाकू नका. ओला करून वाळवा, उभे राहिलेले तंतू पॉलिश पेपरने आधी जाड, मग बारीक घासा आणि पुन्हा तेल द्या. खाली नवं लाकूड निघतं. प्लास्टिकला हे जमत नाही. आरपार तडा गेला तरच लाकडी बोर्डाला निरोप द्या.

चांगल्या लाकडाची फळी माणसाच्या निम्म्या आयुष्यभर साथ देते. त्यासाठी तिला लागतं ते थोडंच: महिन्याला थोडं तेल, रोज कोरडं फडकं आणि भिंतीला टेकून उभं राहायला जागा. आज रात्री भांडी आवरताना बोर्डाच्या दोन्ही बाजू धुवा, पुसा आणि त्याला उभा करून ठेवा.