आजीचा मध्यस्थ आणि कोर्टातला मध्यस्थ

"कोर्टानं मध्यस्थीला पाठवलंय," असं ताईनं घरी येऊन सांगितलं आणि आजी उसळलीच. "त्या मध्यस्थाला मी उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. त्यानंच तर हे स्थळ आणलं होतं!"

हसू नका. आपल्या नांदेड-लातूरकडं मध्यस्थ म्हणजे सोयरीक जुळवणारा माणूस. लग्न लागलं की मानाचा टॉवेल-टोपी त्याला, आणि फिसकटलं की शिव्याही त्यालाच. कोर्टातला मध्यस्थ हा वेगळा प्राणी आहे, हे आजीला समजवायला मला अर्धा तास लागला. समजवता समजवता लक्षात आलं, की मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊनही मलाच त्यातलं धड काही माहीत नव्हतं. मग लोकांना विचारत, वाचत बसले. तुमच्याही घरात, मावस-चुलत भावंडांत, हॉस्टेलच्या रूममेटकडं हा विषय कुजबुजत चालू असेलच. आपल्याला "तू लहान आहेस, तू आत जा" म्हणतात, तेवढंच.

ताई माझी मावसबहीण. सासर नांदेडचं, माहेर लातूरचं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी परत आली. तिला विचारूनच हे लिहितेय.

कोर्टाच्या आधी आपल्याकडं बैठक होते. तुम्ही ती पाहिली असणार. सतरंजी, चहा, दोन्हीकडची दहा-दहा माणसं, एखादे गुरुजी, एखादा माजी सरपंच. आणि जिच्या संसाराचं चाललंय ती आत स्वयंपाकघरात चहा गाळतेय. मी तिच्याशेजारी उभी राहून दाराच्या फटीतून ऐकत होते. तीन तासांत ताईला एकानंही एक प्रश्न विचारला नाही. दाजींनाही नाही, खरं सांगायचं तर. ते खाली मान घालून मोबाइल फिरवत बसले होते. "झालं गेलं विसरा, पोरीला नांदवा" असं ठरलं. महिन्याभरात ती पुन्हा माहेरी. दुसऱ्या बैठकीत एक आकडा ठरला. तोही टिकला नाही, कारण ज्यांनी तो ठरवला त्यांना तो द्यायचाही नव्हता आणि घ्यायचाही नव्हता.

मग वकील आले. दाजींनी नांदेडला घटस्फोटाचा अर्ज टाकला, ताईनं लातूरला पोटगीचा. कौटुंबिक न्यायालय दोन्हीकडं आहे, त्यामुळं एकाच संसाराच्या दोन फायली दोन जिल्ह्यांत. नांदेडची तारीख असली की ताई पहाटेची एसटी धरायची. चाकूर, अहमदपूर, लोहा. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण दिवस मात्र पूर्ण जातो. आणि बऱ्याचदा हातात पडते फक्त पुढची तारीख.

अशाच एका तारखेला न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडं पाठवलं. हे ते मनाला आलं म्हणून करत नाहीत. कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदाच सांगतो, की आधी समेटाचा प्रयत्न करा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ जुलै २००२ पासून लागू झालं, त्यात मध्यस्थीचा रस्ता आहे. आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवरा-बायकोच्या वादात मध्यस्थीचा प्रयत्न झालाच पाहिजे, असं खालच्या कोर्टांना बजावलं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. मध्यस्थी म्हणजे 'परत नांदायला लावणं' नव्हे. पुन्हा एकत्र यायचं ठरलं तर उत्तमच, पण वेगळं व्हायचं ठरलं तर ते कसं व्हायचं, हेही तिथंच बोलायचं असतं. मध्यस्थ निकाल देत नाही. कोण चुकलं हे सांगत नाही. तो बहुतेकदा वकील किंवा निवृत्त न्यायाधीश असतो, त्यासाठी निदान चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेला. कोर्टानं पाठवलेल्या मध्यस्थीची फी आपल्याला भरावी लागत नाही. आधी दोघांना समोरासमोर बसवतात, मग एकेकाला वेगळं. वेगळं बसल्यावर तुम्ही जे सांगाल, त्यातलं तुम्ही 'सांगा' म्हणाल तेवढंच पलीकडं जातं.

आणि खोलीतलं खोलीतच राहतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय: तोडगा निघाला तर दोघांच्या सह्यांचा करार कोर्टाकडं पाठवायचा, नाही निघाला तर 'मध्यस्थी यशस्वी झाली नाही' एवढंच कळवायचं. कोण काय बोललं, कोण किती द्यायला तयार होतं, काही नाही. २०२३ मध्ये संसदेनं मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला, त्यातही ही गोपनीयता आहे. म्हणून दाजी आत काय बोलले हे ताईनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. (पत्रकारितेच्या विद्यार्थिनीला हे किती जड गेलं असेल, विचार करा.)

स्वतःबद्दल मात्र तिनं एक सांगितलं. मध्यस्थ बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" ताईला पटकन उत्तरच येईना. दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मग ती म्हणाली, "माझी ओरिजिनल्स." दहावी, बारावी, डिग्री, बी.एड. सगळ्या मार्कशीट आणि सर्टिफिकेट सासरच्या कपाटात. त्यांच्यावाचून नोकरीची मुलाखत म्हणजे नुसता हेलपाटा. बैठकीत तोळ्यांवर वाद झाला, आंदणातल्या भांड्यांवर झाला, फ्रिजवर झाला. या फायलीचं नाव कुणी काढलं नव्हतं, कारण ती कपाटात आहे हे माहीत असलेली मुलगी आत चहा गाळत होती.

चार वेळा बसावं लागलं. एकदा तर ती रडत बाहेर आली आणि म्हणाली, पुन्हा जाणार नाही. गेली.

तोडगा निघाला म्हणजे घटस्फोट झाला असं नाही, हे लक्षात ठेवा. मध्यस्थ घटस्फोट देऊ शकत नाही, तो कोर्टच देतं. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचं कलम १३-ब आहे, १९७६ मध्ये आलेलं. निदान वर्षभर वेगळं राहिलेले असावे लागतात, दोघं मिळून अर्ज करतात, मग सहा महिने थांबायचं. वादाचे सगळे मुद्दे मिटले असतील आणि वेगळं राहून पुरेसा काळ झाला असेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असा २०१७ चा निकाल आहे. तोवर दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं. म्हणून शहाणे वकील पैसे टप्प्याटप्प्यानं लिहून घेतात: थोडे अर्जाच्या वेळी, थोडे शेवटच्या तारखेला. ४९८-अ ची पोलीस केस असेल तर ती नुसत्या करारानं संपत नाही, रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जावं लागतं. लेकरं असतील तर त्यांचा ताबा, भेटीचे दिवस, खर्च हे सगळं लिहितात, पण लेकराच्या हिताचं आहे की नाही हे कोर्ट पुन्हा तपासतं. लातूरच्या मुलांनो, अकरावी-बारावीच्या क्लासची फी कोण भरणार हेही करारात स्पष्ट लिहून घ्यायचं असतं बरं का. ज्यांच्या घरी ते लिहिलं गेलं नाही, त्यांना प्रत्येक हप्त्याला दोन फोन करावे लागतात.

करार झाल्यावर गावात एक वाक्य आलंच: "पैशानं मिटवलं म्हणे." मला यावर रखमाबाई आठवतात. लहानपणी लग्न लावून दिलं, मोठेपणी त्यांनी नांदायला नकार दिला. १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयानं सांगितलं, नवऱ्याकडं जा नाहीतर तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. देशभर गाजलेला तो खटला शेवटी १८८८ मध्ये तडजोडीनं संपला: नवऱ्यानं दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतला त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्याबद्दल 'पैशानं मिटवलं' म्हणायची आज कुणाची हिंमत आहे?

पण मध्यस्थी हे सगळ्यावरचं औषध नाही, आणि तसं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. जिथं मारहाण आहे, जिथं समोरच्याच्या नजरेनंच तोंडाला कुलूप लागतं, तिथं एका टेबलाशी बसवून घेतलेला 'हो' हा हो नसतो. अशा वेळी मध्यस्थाला वेगळं भेटून स्पष्ट सांगा, नाही म्हणा. करारावर सही करायची सक्ती कुणीही करू शकत नाही. मध्यस्थी फसली तर केस जिथं थांबली होती तिथून पुढं चालते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बाईला उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. हा नंबर आत्ताच सेव्ह करा, स्वतःसाठी नाही तर रूममेटसाठी.

सह्या झाल्या त्या दिवशी मी ताईबरोबर नांदेडला होते. दाजींच्या भावानं एक निळी फाइल आणून दिली. ताईनं कोर्टाच्या बाकावर बसून एकेक कागद उलटून पाहिला. बी.एड.चं सर्टिफिकेट जरा दुमडलं होतं, बाकी सगळं होतं. परतीच्या एसटीत अहमदपूरपर्यंत ती फाइल मांडीवर धरूनच झोपली.

आजी अजून त्या बाईंना 'दुसरा मध्यस्थ' म्हणते. पण परवा तिनं विचारलं, "त्यांना टॉवेल-टोपी चालत नसंल, साडी चालंल का गं?" चालत नाही, म्हटलं.