मुठीतले वैभव

मुघल दरबाराची जुनी चित्रे निरखून पाहिली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. बादशहा असो, शहजादा असो वा मानकरी उमराव, बहुतेकांच्या कमरबंदात एक आखूड शस्त्र खोवलेले असते. पाते म्यानात दडलेले. नजरेस पडते ती केवळ मूठ. म्हणूनच कारागिरांनी आपले सारे कसब त्या वीतभर मुठीवर ओतले आणि भारतीय दरबारी कलेतील एक अद्भुत दालन साकार झाले.

या शस्त्रांचे प्रमुख प्रकार दोन. खंजीर बहुधा किंचित वक्र आणि दुधारी असतो. कट्यार मात्र अस्सल भारतीय! दोन समांतर दांड्यांमधील आडवी पकड मुठीत धरताच पाते हाताच्या सरळ रेषेत येते आणि दंडाचे सारे बळ त्याच्या टोकाशी एकवटते. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त या शस्त्रांची नोंद आढळते. रत्नजडित खंजीर बादशहाकडून बहाल होणे, हा दरबारातील मोठा सन्मान मानला जाई. जहांगीरच्या आत्मचरित्रात अशा बहुमानांचे उल्लेख वारंवार येतात.

त्याच आत्मचरित्रातील एक हकीकत मोठी रंजक आहे. 1621 साली जालंधर परिसरात आकाशातून एक तप्त लोहगोळा कोसळला. जहांगीरने तो उस्ताद दाऊद या कारागिराच्या हवाली केला. नुसते उल्केचे लोखंड घणाखाली टिकेना. तेव्हा त्याचे तीन भाग आणि साध्या लोखंडाचा एक भाग असे मिश्रण करून पाती घडवण्यात आली. त्यांपैकी सोन्याने सजवलेली एक सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहे.

मुठीच्या सौंदर्याचे रहस्य दडले आहे ते कुंदनकामात. अत्यंत शुद्ध केलेल्या सोन्याची पातळ पत्री रत्नाभोवती दाबत नेली, की तिचे थर उष्णतेविनाच परस्परांत एकजीव होतात आणि रत्न घट्ट बसते. त्यामुळे केवळ सोन्यातच नव्हे, तर जेड अर्थात संगेयशबासारख्या दगडातही माणके आणि पाचू जडवता आले. जेड हा चिवट दगड छिन्नीला दाद देत नाही. कठीण भुकटीने झिजवून झिजवूनच त्याला आकार द्यावा लागतो. शहाजहानच्या काळात तर या दगडातून घोड्याची आणि नीलगाईची मस्तके अशी जिवंत साकारली, की पाहणाऱ्याने क्षणभर शस्त्राचा विसर पडू द्यावा!

मात्र या वैभवाची दुसरी बाजू विषण्ण करणारी आहे. तंजावरच्या भोसले राजघराण्याचा शस्त्रसाठा त्यातील देखण्या कट्यारींसाठी प्रसिद्ध होता. 1855 मध्ये संस्थान खालसा झाले आणि पुढे हा साठाही विखुरला. निवडक नग संग्रहालयांत पोहोचले. कित्येक शस्त्रे मात्र मोडीच्या भावाने गेली. शतकांचे कौशल्य तराजूत केवळ धातूचे वजन ठरले! याउलट, 2019 साली न्यूयॉर्कमधील लिलावात शहाजहानच्या जेड मुठीच्या खंजिराला 33 लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली. ही किंमत दगडाची वा पोलादाची नव्हे. ती कारागिरीची आणि इतिहासाची.

समाधानाची बाब म्हणजे ही कला पूर्णतः लोपलेली नाही. पोलादावर बारीक रेघांची जाळी कोरून त्यावर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवण्याची कोफ्तगिरी राजस्थानात आजही जिवंत आहे. उदयपूरच्या कोफ्तगिरीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय येथे जुनी शस्त्रे प्रत्यक्ष पाहता येतात.

वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या देवघरात वा जुन्या पेटीतही एखादी कट्यार असेल. दसऱ्याला तिची पूजा होते. पण ती लखलखावी म्हणून चिंच, राख वा खरकागद वापरला, तर जुने नक्षीकाम कायमचे पुसले जाऊ शकते. मूठ मोडून सोने काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून सफाई किंवा विक्रीपूर्वी संग्रहालयातील जाणकारांचा सल्ला घेणे इष्ट.

ठेवीचे मोल केवळ वजनावर ठरत नसते. पूर्वजांनी आपल्या हाती सोपवलेली ही ठेव पुढच्या पिढीकडे अखंड पोहोचवणे, हेच तिचे खरे व्याज!