टोळीगुन्हेगारीचा खटला उभा कसा राहतो?

बेळगाव-निपाणी भागात 'रौडी शीट', 'तडीपार', 'गुंडा कायदा' हे शब्द वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की अधिकच. पण अटकेनंतर प्रकरणाचे काय होते, सरकारी वकील नेमके काय करतात आणि साक्षीदाराला कोणते संरक्षण आहे, याची माहिती घरोघरी असतेच असे नाही. सभासदांसाठी ती येथे थोडक्यात देत आहोत.

पोलीस वेगळे, सरकारी वकील वेगळे

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोकांनी निवडून दिलेला असतो. मोठ्या शहरांत त्याच्या कार्यालयात टोळ्यांसाठी खास पथक असते. एकच वकील सुरुवातीपासून निकालापर्यंत खटला सांभाळतो, त्यामुळे साक्षीदारांना दर तारखेला नवा चेहरा दिसत नाही.

आपल्याकडे तपास पोलिसांचा आणि खटला सरकारी वकिलांचा, अशी विभागणी आहे. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नसतो. पुरावा न्यायालयापुढे प्रामाणिकपणे मांडणे हे त्याचे काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अभियोग संचालनालयाची तरतूद आहे. गंभीर खटल्यांवर देखरेख ठेवणे आणि वेळेत मत देणे ही त्याची जबाबदारी. महत्त्वाच्या प्रकरणात किमान दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीला विशेष सरकारी वकील म्हणून नेमता येते.

खटल्याआधीचे उपाय

रौडी शीट ही शिक्षा नाही, ती पोलीस ठाण्यातील नोंद आहे. मात्र एकदा नाव चढले की ठाण्याची नजर राहते आणि सणासुदीला बोलावणे येते. तडीपारी म्हणजे ठरावीक मुदतीसाठी हद्दीबाहेर पाठवणे. १९८५ च्या कर्नाटक गुंडा कायद्याखाली खटल्याविना स्थानबद्ध करता येते. त्याची मुदत जास्तीत जास्त बारा महिने असून प्रकरण सल्लागार मंडळापुढे जावे लागते.

सीमाभागात तडीपारीची मर्यादा लगेच कळते. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर. माणूस हद्दीबाहेर जातो, पण ओळखी आणि फोन सोबतच राहतात. म्हणून टोळी मोडायची तर शेवटी न्यायालयात गुन्हा सिद्ध व्हावा लागतो.

'कोका' आणि बेळगावचा निकाल

महाराष्ट्राने १९९९ मध्ये 'मोक्का' आणला. त्याच धर्तीवर कर्नाटकाचा २००० चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे 'कोका', आला. एखादी मारामारी झाली म्हणून तो लागत नाही. टोळीच्या बेकायदा कारवाया सतत चालू आहेत हे दाखवावे लागते. त्यासाठी मागील दहा वर्षांत, तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत, एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. कायदा कडक असल्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांची मंजुरीही लागते. ती नीट घेतली नसेल तर चांगला खटलाही तिथेच अडखळतो. जामीन मिळणे कठीण असते आणि खटला विशेष न्यायालयात चालतो.

असे विशेष न्यायालय बेळगावातही आहे. अंकोल्याचे उद्योजक आर. एन. नायक यांचा डिसेंबर २०१३ मध्ये खंडणीच्या प्रकरणातून खून झाला. परदेशात असलेल्या बन्नंजे राजा याला २०१५ मध्ये मोरोक्कोहून आणण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये बेळगावच्या न्यायालयाने त्याला व इतर काही आरोपींना जन्मठेप दिली. खुनापासून निकालापर्यंत आठ वर्षांहून अधिक काळ गेला. एवढा काळ साक्षीदार टिकून राहणे हीच अशा खटल्यांतली खरी कसोटी.

साक्षीदाराचे हक्क

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. धमकी येत असेल तर साक्षीदार जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करू शकतो. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष, तर जिल्ह्यातील सरकारी वकिलांचे प्रमुख सदस्य-सचिव असतात. धोका पाहून पोलीस बंदोबस्त, घराजवळ गस्त किंवा ओळख गुप्त ठेवणे असे उपाय होतात.

आपल्यासाठी भाषेचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा. ठाण्यातील कागद कन्नडमध्ये असले तरी साक्ष मराठीत देता येते. तिचे न्यायालयाच्या भाषेत केलेले भाषांतर नोंदीला जोडले जाते. नोंदलेली साक्ष समजेल अशा भाषेत वाचून घ्यावी आणि चूक असल्यास तिथेच सांगावी. पुढे उलटतपासणीत एका शब्दावरून साक्ष डळमळू शकते. गुन्हा सीमेपलीकडे घडला असला तरी जवळच्या ठाण्यात 'शून्य एफआयआर' नोंदवता येतो. तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. फिर्यादीला सरकारी वकिलाच्या मदतीसाठी न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकीलही देता येतो.

घरातल्या मुलांसाठी

गौरी लंकेश खून प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक मुद्दा स्पष्ट केला. टोळीला मदत केल्याचा किंवा तिचा सदस्य असल्याचा आरोप ठेवण्यासाठी त्या व्यक्तीवर स्वतःवर आधीचे गुन्हे असायलाच हवेत असे नाही. म्हणजे 'मी फक्त गाडी दिली', 'मी फक्त निरोप पोचवला' असे म्हणून सुटका होईलच, याची खात्री नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १११ संघटित गुन्ह्यासाठी आहे. कलम ११२ टोळीने केलेल्या चोऱ्या, बेकायदा सट्टा-जुगार, परीक्षेचे पेपर विकणे अशा किरकोळ वाटणाऱ्या गुन्ह्यांसाठी आहे. त्यात एक ते सात वर्षे शिक्षा आहे.

तलवार हातात घेऊन केलेला व्हिडिओ मुलांना गंमत वाटते. पोलिसांच्या हाती तो पुरावा ठरतो. हे मुलांना घरीच, वेळेवर सांगितलेले बरे. आणि कुणी शेजारी साक्षीला उभा राहिला, तर तारखेच्या दिवशी त्याच्यासोबत न्यायालयापर्यंत जाणे एवढे तर आपल्या हातात आहेच.