मोबाईल अपडेट केला अन् वाय-फाय गेलं? दुकानात जाण्याआधी हे करून पाहा

भिवंडी : रात्री मोबाईल चार्जिंगला लावला, अपडेट आला म्हणून 'इन्स्टॉल' दाबलं आणि सकाळी वाय-फाय गायब. कधी वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण व्हॉट्सॲप काही उघडत नाही. ऐन ई-पीक पाहणीच्या मुदतीत किंवा बँकेच्या कामाच्या दिवशी असं झालं की शेतकऱ्याची पंचाईत होते. यातल्या बऱ्याच अडचणी घरबसल्या, पैसे न देता सुटतात.

असं का होतं?

मोबाईलमध्ये वाय-फायची चिप असते आणि ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम असतो. अपडेटमध्ये हा प्रोग्रॅम बदलू शकतो. आधी साठवलेल्या सेटिंग जुन्या पद्धतीच्या राहतात, त्यामुळे दोघांचा मेळ बसत नाही. म्हणजे मोबाईल बिघडला असं लगेच समजू नये.

आधी दोष कुठे ते ओळखा

घरातला दुसरा मोबाईल त्याच वाय-फायला जोडून पाहावा. त्यावरही नेट नसेल तर दोष राउटरचा किंवा लाईनचा. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करावा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर वायर तुटलेली किंवा निघालेली असू शकते. तिथे केबलवाल्यालाच बोलवावं लागतं.

दुसऱ्या मोबाईलवर नेट चालत असेल तर दोष अपडेट झालेल्या मोबाईलमध्ये. मग पुढच्या गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१. मोबाईल बंद करून पुन्हा चालू करावा. नंतर फ्लाईट मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करावा.

२. तारीख-वेळ तपासावी. ती चुकीची असेल तर बँकेचे आणि सरकारी ॲप उघडत नाहीत. 'ऑटोमॅटिक' वर ठेवावी.

३. सेटिंगमध्ये वाय-फायच्या नावावर जाऊन 'फरगेट' (मराठीत 'विसरा') करावं आणि पासवर्ड नव्याने टाकावा. पासवर्ड आधी कागदावर लिहून घ्यावा.

४. व्हीपीएन चालू असेल तर बंद करावं. 'प्रायव्हेट डीएनएस' ऑटोमॅटिकवर ठेवावा.

५. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर २.४ गिगाहर्ट्झवालं निवडावं. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे ते लवकर कमजोर पडतं. लूमच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गोदामात तर पत्राच सिग्नल अडवतो, तिथे अपडेटला दोष देऊन उपयोग नाही.

राउटर मोबाईलला ओळखत नसेल तर

प्रत्येक मोबाईलला स्वतःचा एक मॅक ॲड्रेस असतो, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. काही ऑफिसांत, गोदामांत ठराविक नंबरच राउटरमध्ये घातलेले असतात. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयफोनच्या आयओएस १४ (२०२०) पासून मोबाईल खरा नंबर लपवून वेगळाच नंबर दाखवतो. त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही राउटर आत घेत नाही. अशा ठिकाणी त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'त जाऊन 'फोन मॅक' किंवा 'डिव्हाईस मॅक' निवडावं. आयफोनमध्ये 'प्रायव्हेट ॲड्रेस' बंद करावा.

सिमचं नेट गेलं असेल तर

डेटा सेव्हर चालू झाला आहे का ते पाहावं. मग मोबाईल नेटवर्कमध्ये एपीएन तपासावा. जिओसाठी jionet ऐवजी दुसरंच नाव दिसत असेल तर 'रिसेट टू डिफॉल्ट' करावं. एअरटेल, बीएसएनएललाही हाच उपाय.

रिसेट दोन प्रकारचे, घोळ करू नका

वरचं सगळं करून भागलं नाही तर 'नेटवर्क सेटिंग रिसेट' करावं. यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात. फोटो, नंबर, ॲप तसेच राहतात.

'फॅक्टरी रिसेट' मात्र सगळंच पुसतं. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आणि तेव्हापासून पिकाचा फोटो शेतकऱ्याच्याच मोबाईलमधून जातो. अपलोड न झालेली नोंद, नुकसानीचे फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ मोबाईलमध्ये असतील तर त्या आधी दुसरीकडे काढून घ्याव्यात. दुकानदार परस्पर रिसेट मारायला निघाला तर त्याला थांबवून विचारावं, "कुठला रिसेट करताय?"

लॅपटॉपवाल्यांसाठी

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेक जण विंडोज ११ वर गेले. नंतर वाय-फायचं चिन्हच दिसेनासं झालं तर बहुतेक वेळा ड्रायव्हरचा प्रश्न असतो. मोबाईल यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावं, नेट मिळतं. मग लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून वाय-फाय ड्रायव्हर उतरवून घ्यावा. तरीही जमलं नाही तर अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत 'रिकव्हरी'तून जुन्या विंडोजवर परत जाता येतं.

शेवटचं, पण महत्त्वाचं

खरा अपडेट मोबाईलच्या सेटिंगमधूनच येतो. व्हॉट्सॲपवर आलेली 'अपडेट'ची एपीके फाईल कधीच उघडू नये. नेट दुरुस्त करतो म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवावी.