फुगवलेली छाती, मोजलेला श्वास

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तेर-ढोकी पट्ट्यातल्या कुठल्याही पोराला दोन आकडे झोपेतसुद्धा सांगता येतील: छाती न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून आणखी 5. टेपने कळतो तो बरगड्यांचा आणि स्नायूंचा ताण, शिवाय थोडा सराव. आत हवा किती मावते आणि ती किती वेगाने बाहेर पडते, हे टेपला दिसत नाही. ते मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्येच जगापुढे मांडलं होतं. त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजले. त्यांत पोलीसही होते. आपण मात्र अजून टेप धरून उभे आहोत. भरतीतलं 1600 मीटर धावणं त्या मानाने प्रामाणिक म्हणायचं, पण तेही आजचा दम सांगतं. वीस वर्षं धुळीत काढणाऱ्या छातीचं काय होतंय, हे त्यातून कळत नाही.

हा प्रश्न पोलिसापेक्षा साखर कारखान्यातल्या माणसाला जास्त लागू आहे. तेरजवळ ढोकीला तेरणा कारखाना उभा राहिला आणि गाळपासोबत बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, ढीगही आले. बगॅस ओलसर राहून आतून तापला की त्यात उष्णता मानवणारे सूक्ष्मजीव वाढतात. पुढे तो वाळल्यावर हलवताना त्यांचे बीजाणू धुळीबरोबर छातीत जातात. काही जणांना काही तासांनी ताप, खोकला, धाप. ‘हवा बदलली’ म्हणून गोळी घेतली जाते. या आजाराचं नाव बगॅसोसिस, आणि कामगार भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत ते आहे. यात बहुधा हवेचा वेग फारसा अडत नाही, फुफ्फुसाची क्षमताच आक्रसते. म्हणून पहिल्या सेकंदातली हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर तेवढं पाहून ‘ठीक आहे’ म्हणणारा तपासनीस फसतो.

पण एकदाच तपासून ‘फिट’चा शिक्का मारणंही फसवंच आहे. अपेक्षित आकड्याच्या 110 टक्के क्षमता असलेला गडी 85 टक्क्यांवर आला, तर कागदावर तो अजून सामान्य. प्रत्यक्षात त्याने जवळजवळ पाव फुफ्फुस गमावलेलं असतं. त्यात युरोपीय माणसांचे ठोकताळे लावले की धडधाकट भारतीयही आजारी ठरू शकतो. माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करणं हा यावरचा सरळ मार्ग. घातक प्रक्रियांतल्या कामगारांची कामाआधी आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत तपासणी, ही तरतूद फॅक्टरी कायद्यात 1987 साली आलीच होती.

कुणी म्हणेल, आकडा घसरला की कामगाराची रोजीच जाईल. भीती खोटी नाही. पण मोजलं नाही म्हणून फुफ्फुस शाबूत राहत नाही, आणि हंगामाआधीचा आकडा हातात नसेल तर भरपाई मागताना ‘हा आधीपासूनच दमेकरी’ एवढं म्हणणं कारखान्याला पुरतं. घसरणीचं उत्तर माणूस काढणं नव्हे, बगॅस भिजवून हलवणं आणि कामगाराला यार्डातून दुसऱ्या खात्यात नेणं. दुसरा आक्षेप अधिक खरा: चाचणी माणसाच्या जोरावर अवलंबून असते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून घेऊन ती रिती होईपर्यंत फुंकणं. किमान तीन चांगल्या फुंका, त्यांतल्या सर्वोत्तम दोहोंत 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. शेजारी उभं राहून ‘अजून, अजून’ म्हणणारा शिकलेला तंत्रज्ञ नसेल तर यंत्र कुचकामी. रांगेत शंभर माणसं उभी करून तासाभरात उरकलेलं शिबिर म्हणूनच माझ्या लेखी तपासणी नव्हे. आणि हंगामी कामगार एक गाळप इथे, पुढचं दुसऱ्या तालुक्यात करतो, तेव्हा त्याच्या आकड्यांचा आलेख नुसता कारखान्याच्या फायलीत नको. त्याची प्रत कामगाराच्या घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत हवी.